परत मिळालेली मिनिटं

मुंगळा हे नाव त्याला मामांनी दिलं होतं. अंगाने किडकिडीत, उंची बेताची आणि बुडाखाली स्वतःच्या दुप्पट वजनाची मोटरसायकल. पहिल्याच मोसमात तो वाळूत रुतलेली गाडी एकटा ओढत होता. ते पाहून मामा म्हणाले, "हा बघा, मुंगळा साखरेचं पोतं घेऊन निघालाय!" झालं. तेव्हापासून पंचांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी तो मुंगळा. खरं नाव फक्त निकालाच्या फळ्यावर असायचं, आणि तिथेही बरीच वर्षं ते इतकं खाली असायचं की वाचायला गुडघ्यांवर बसावं लागे.

मामा हे सगळ्यांचेच मामा. धंद्याने बेकरीवाले, वय साठीला टेकलेलं. वर्षभर पहाटे उठून पाव भाजायचे, आणि शर्यतींचा मोसम आला की भट्टीच्या किल्ल्या मामींच्या हातात देऊन बिनरस्त्याच्या मुलखात मोटरसायकल पळवायला यायचे. चार देशांत चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत रोज एक लांबलचक टप्पा. कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे नुसते दगड. मामा जिंकायला येत नसत. "जिंकून काय करू? पावाचा भाव वाढणार आहे का?" असं म्हणायचे. संध्याकाळी तळावर तंबू पडले की ते सगळ्यांच्या मोटरसायकलींभोवती चक्कर मारायचे, ज्याचं काही मोडलं असेल त्याच्या शेजारी बसून बॅटरी धरायचे आणि बसल्या बसल्या त्याची यथेच्छ टिंगल करायचे.

या वर्षी मात्र मुंगळ्याला काय झालं होतं कोण जाणे. ज्यांच्या पाठीशी कुठलीच कंपनी नाही अशा स्वारांसाठी मोसमाअखेर वेगळा कप असतो. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा त्या यादीत तो सगळ्यांत वर होता. त्याची मोटरसायकल बघायची ताई. तीही घरचीच. दोघांचं मिळून एक गॅरेज होतं, आणि आई-वडिलांच्या मागे ताईने एका हाताने हा धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हाताने पाना सांभाळला होता. चौथ्या फेरीत एका बड्या कंपनीच्या संघाचा मॅनेजर त्यांच्या तंबूपाशी घुटमळायला लागला. एकदा तर त्याने ताईच्या हातचा चहाही प्यायला आणि जाताना म्हणाला, "कप आणा. पुढच्या मोसमात दोघंही आमच्याकडे या." ताई त्या दिवशी तीच नळी तीनदा पुसत बसली होती.

आणि मग शेवटून दुसरा टप्पा आला.

या शर्यतीत एक रिवाज आहे, नियमांच्या पुस्तकाहूनही जुना. वाटेत कुणी पडलेला दिसला की वेग कमी करायचा आणि त्याच्याकडे बघायचं. त्याने अंगठा वर केला तर आपण पुढे निघायचं. अंगठा दिसला नाही तर थांबायचं, मग पुढे कितीही मोठा कप असो. थांबणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून जखमी माणसापाशी जितका वेळ गेला तितका वेळ पंच संध्याकाळी परत देतात. प्रत्येक गाडीवर एक यंत्र असतं. गाडी कधी थांबली, कधी हलली, सगळं त्यातून वर कळतं. कशासाठी थांबली, एवढंच त्या यंत्राला कळत नाही.

कोरड्या ओढ्याचं पात्र होतं. गोल, गुळगुळीत, पायाखालून सटकणारे दगड. मधोमध घराएवढा एक खडक. मोटरसायकली त्याच्या उजवीकडच्या अरुंद चिरेतून जात होत्या. सकाळी मोटरसायकली आधी सुटतात आणि मोटारी मागून. त्या रुंद असल्यामुळे त्यांना खडकाच्या डावीकडूनच यावं लागणार होतं. मुंगळा खडकाच्या जरा अलीकडे, वरच्या अंगाला होता तेव्हा खाडकन आवाज झाला आणि त्याच्या गाडीची चेन तुटली.

शिवी हासडून तो उतरला. इंजिन बंद झाल्यावर त्या घळीत अशी शांतता पसरली की स्वतःचा श्वासही मोठा वाटावा. तेव्हाच त्याला खाली, खडकाच्या डाव्या अंगाला, मामा दिसले. चीर चुकलेली मोटरसायकल एकीकडे उलटी, तिच्यावरच्या यंत्राचा चुरा झालेला, आणि मामा उताणे. एक पाय नको त्या बाजूला वळलेला. त्यांचा हात वर होता. अंगठा नव्हता. पाचही बोटं पसरलेला अख्खा पंजा हलत होता.

"मुंगळ्या!"

स्पष्ट ऐकू आलं. कानात बोळे होते, वर हेल्मेट होतं, तरीही लख्ख ऐकू आलं.

मामा बोलतायत म्हणजे शुद्धीवर आहेत, असं त्याच्या मनात आलं. शुद्धीवर आहेत म्हणजे घाईचं काही नाही. आधी चेन, मग मामा. मामांपाशी जाऊन बसलो तर चेन जोडायची राहील, आणि मग ती जोडण्यात गेलेली मिनिटं कोण परत देणार? मामांपाशी गेलेली मिनिटं परत मिळतात आणि चेनची मिळत नाहीत, हा हिशोब त्याच्या डोक्याने इतक्या झटकन केला की त्यालाच पुढे कितीदा तरी नवल वाटलं. मग तो गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन मामांकडे पाठ करून बसला. चेन डाव्या बाजूलाच असते, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण गाडी फिरवून उभी करायला कितीसा वेळ लागला असता!

"अरे मुंगळ्या, इकडे ये ना!"

हात थरथरत होते. जोडाची कडी बोटांतून निसटून गोट्यांमध्ये पडली, ती शोधण्यात आणखी वेळ गेला. तेवढ्यात वरून एक स्वार आला. उंच्या म्हणतात तो, यादीत दुसरा. त्याने रिवाजाप्रमाणे वेग कमी केला आणि मान हलवून विचारलं. मुंगळ्याने अंगठा वर केला. सवयीनेच. तो अंगठा फक्त त्याच्या चेनपुरता होता, पण उंच्याला ते कसं कळणार? तो उजवीकडच्या चिरेतून निघून गेला. त्या बाजूने मामा दिसतच नव्हते.

तिसऱ्यांदा हाक आलीच नाही. कडी बसली, आणि त्याच क्षणी त्याच्या यंत्राने कर्कश शिट्टी मारली. मागून मोटार येत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, की मोटार खडकाच्या डावीकडून येणार आणि मामा तिथेच आडवे पडलेत. मग मात्र तो धावला. पडला, उठला, पुन्हा धावला, मामांच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला. मोटार त्याच्यापासून चार हातांवर येऊन थांबली. गाडीकडे परत धावत जाऊन त्याने आपल्या यंत्राचं मदतीचं लाल बटण दाबलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो मामांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मामांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांनी त्याचा हातमोजा घट्ट धरून ठेवला होता.

संध्याकाळी तळावर मुख्य पंचांनी त्याला बोलावलं. पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या बाई होत्या त्या. समोरच्या पडद्यावर त्याच्या गाडीचा थांबलेला ठिपका होता.

"गाडी थांबली तिथपासून हेलिकॉप्टर उतरलं तिथपर्यंतचा वेळ तुम्हाला परत देतोय," त्या म्हणाल्या. "मामांसाठीच थांबलात ना?"

फार काही करायचं नव्हतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती. त्याची मान हलली. खाली, वर.

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि तो पहिलाच राहिला. चेनची मिनिटं मिळाली नसती तर उंच्या पुढे गेला असता.

तंबूत ताई मोटरसायकल धुऊन तपासत होती. चेनवरून बोट फिरवता फिरवता थांबली. "कडी नवीन बसवलीस? तुटली होती?"

"हो. नंतर. बरीच पुढे."

"म्हणजे मामांपाशी थांबलास, वर चेन तुटली, आणि तरी पहिला?" तिने तेलकट हातांनीच त्याचं तोंड धरलं. "अरे, आई असायला हवी होती रे!"

ताईशी तो आयुष्यात बऱ्याचदा खोटं बोलला होता. फुटलेल्या बरण्यांबद्दल, चुकवलेल्या शाळेबद्दल, एकदा एका मुलीबद्दल. पण तिने खोट्यावर विश्वास ठेवून आईची आठवण काढावी असं कधी झालं नव्हतं. त्याला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जेवणाची ताटं आली तेव्हा त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं, आणि ते मात्र खोटं नव्हतं.

शेवटचा टप्पा आखूडच होता. त्यात कुणी पुढे गेलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. दुपारी बक्षीस समारंभ झाला. कपाची घोषणा होण्याआधी मोठ्या पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. मोटारीत बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली. धूळ, दगड, एक वळण, आणि अचानक समोर दोन्ही हात पसरून उभा असलेला एक किडकिडीत माणूस. मागे जमिनीवर मामा. सगळा मांडव उठून उभा राहिला. मोटारवाले, मोटरसायकलवाले, आचारी, डॉक्टर, सगळे टाळ्या वाजवत होते. त्या चित्रफितीत कुठेही खोटं नव्हतं. ती फक्त उशिरा सुरू झाली होती.

मुंगळ्याने पडद्याकडे बघायचं टाळलं. खाली बघितलं तर लोक म्हणाले, बघा किती विनयशील आहे. मग वर बघितलं तर डोळ्यांत पाणी होतं. लोक म्हणाले, बघा किती हळवा आहे. माणसाने एकदा ठरवलं की तुम्ही चांगले आहात, की त्यातून सुटका नाही. उंच्याने येऊन त्याला कडकडून मिठी मारली आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं, "मी विचारलं तर याने अंगठा दाखवला. आता कळलं, म्हणजे तू जा, मी बघतो मामांकडे! दुसरा कुणी असता तर मलाही थांबवलं असतं. असा माणूस माझ्यापुढे आला, हरल्याचं मला दुःख नाही."

उंच्याच्या खांद्यावर थोपटताना आपला हात म्हणजे साप असावा असं त्याला वाटलं.

कंपनीच्या मॅनेजरने ताईला लांबूनच दोन्ही अंगठे दाखवले. ताई रडत होती, हसत होती, शेजारच्या अनोळखी बाईला "माझा भाऊ, माझा भाऊ" म्हणून सांगत होती.

रिवाजाप्रमाणे निकालाचा फळा संध्याकाळपर्यंत बाहेर टांगलेला राहिला. कुणाला काही आक्षेप असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या वेळेबद्दल काही सांगायचं असेल, तर तोपर्यंत पंचांच्या तंबूत जाऊन सांगायचं. मुंगळा दोनदा त्या तंबूपाशी गेला. एकदा आत कुणीतरी होतं म्हणून परत फिरला. दुसऱ्यांदा आत कुणीच नव्हतं, बाई एकट्याच बसल्या होत्या, आणि तरी परत फिरला. मग दिवे लागले, पंचांनी फळ्यावर सही केली आणि भोंग्यावरून सांगितलं की निकाल पक्का झाला, आता त्यात बदल नाही. त्याने मोठा श्वास सोडला. आणि लगेच, अगदी त्या श्वासाबरोबरच, त्याने ठरवलं की उद्या सकाळी मामांकडे जायचं आणि सगळं खरं खरं सांगून टाकायचं. ते ठरवल्यावर त्याला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

इस्पितळाची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीत एक कुंडी, भिंतीला एक घड्याळ, पलंगावर मामा. पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून वर टांगलेला. दाढी वाढलेली, त्यामुळे ते एकदम म्हातारे दिसत होते. मामी आदल्या दिवशी विमानाने आल्या होत्या. ताई आणि मुंगळा दारात दिसताच त्या उठल्या. त्यांनी मुंगळ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले.

"मामी, नका," तो म्हणाला.

"गप्प बस," मामी म्हणाल्या. "तू नसतास तर मी आज कुठे असते?" मग ताईचा हात धरून तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं. "भावाला छान वाढवलंस गं."

मामा हसले. "बघ मुंगळ्या, कप मिळाल्यावर तोंड कसं सुतकी केलंयस. हसायला कंपनीची परवानगी लागते काय आता?"

ताई हसली. मामी म्हणाल्या, "यांचं एकच चाललंय कालपासून. म्हणे मी त्याला हाका मारत होतो आणि तो तिकडे पाठ करून बसला होता. मी म्हटलं, अहो, तुम्हाला भास झाला असेल, किती लागलं होतं!"

"भास नाही," मामा म्हणाले. "हाका मारल्या मी. पण कानात बोळे, वर ते हेल्मेट. आम्हाला काय ऐकू येतं होय? त्याला ऐकू आलं असतं तर तो आला नसता का?"

इथे गप्प बसणं अगदी सोपं होतं. एक "हो ना" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मुंगळा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. लोखंडी दांडी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"ऐकू आलं होतं, मामा," तो म्हणाला. "पहिल्याच हाकेला."

मग त्याने सगळं सांगितलं. तुटलेली चेन, वर केलेला पंजा, फिरवलेली पाठ, हरवलेली कडी, उंच्याला दाखवलेला अंगठा, पंचांपुढे हललेली मान. काहीच लपवलं नाही. ताईला सांगितलेलं खोटंही सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू फुटलं, आणि रडता रडता छातीवरचं ओझं उतरत असल्यासारखं वाटलं. त्याला वाटलं, आता मामा शिव्या देतील. आणि मग, कोण जाणे, कदाचित हात पुढे करतील.

मामांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी नजर छताकडे वळवली. मामींनी ताईचा हात कधी सोडला ते ताईलाही कळलं नाही.

"पंचांना सांगितलंस?" मामांनी विचारलं.

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"निकाल पक्का कधी झाला?"

"काल संध्याकाळी."

"आणि तू आज सकाळी आलास."

त्याने तोंड उघडलं. मला तसं म्हणायचं नव्हतं, माझ्या लक्षातच आलं नाही, असं काहीतरी म्हणायचं होतं. पण तंबूपाशी मारलेल्या दोन चकरा आठवल्या, दिवे लागल्यावर सोडलेला तो श्वास आठवला. चेन जोडताना तरी त्याचे हात थरथरत होते. काल संध्याकाळी मात्र काहीच थरथरलं नव्हतं.

"पायाचं मनावर घेऊ नकोस," मामा सावकाश म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तू पळत आला असतास तरी तो मोडलेलाच होता. डॉक्टरच म्हणाले. मी आपला त्या दगडांत पडून मोटारींचा कानोसा घेत होतो. दोनदा हाक मारली, तू वळला नाहीस. तेव्हा मनाशी म्हटलं, पोराला ऐकू येत नाहीये, नाहीतर तो असा नाही. एवढं एक धरून मी तो वेळ काढला रे. अजूनही तेच धरून होतो." त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. "कप तुझ्याकडेच राहिला. मन तुझंच हलकं झालं. माझ्यापाशी एवढंच होतं, तेही तू आज येऊन घेतलंस."

"मी कप परत करतो मामा. आत्ताच जातो, पंचांना सांगतो..."

"कर. करायलाच हवं. पण मला सांगू नकोस."

त्यांना कूस बदलायची होती. टांगलेल्या पायामुळे ते जमलं नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

ताई उठली. टेबलावरचं भांडं उचलून तिने पेल्यात पाणी ओतलं आणि मामांच्या उशाशी नेलं. मामींनी तो पेला तिच्या हातातून हलकेच काढून घेतला. "राहू दे. मी देते," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. ताई रिकाम्या हातांनी भिंतीला टेकली, आणि तिचा चेहरा बघून मुंगळ्याला पहिल्यांदाच समजलं की आपल्याबरोबर ताईलाही आपण या खोलीत उघडं पाडलंय.

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं. मुंगळा लोखंडी दांडी धरून उभाच राहिला. त्याला कुणी जा म्हटलं नाही, आणि बस असंही कुणी म्हटलं नाही.